हिरव्या दगडाचा पत्ता

"हे अक्षर तुमचं आहे का?"

दारातल्या तरुण बाईनं नमस्कार केला, नाव सांगितलं आणि लगेच फोन पुढे धरला. कुंदाताई झोपे गच्चीवरचे उडदाचे पापड उलटून नुकत्याच खाली आल्या होत्या. चष्मा डोक्यावर होता. तो नाकावर यायच्या आधीच त्यांनी अक्षर ओळखलं. पत्त्याच्या पानाच्या निम्म्या आकाराचं पिवळट कार्ड, त्यावर काळ्या शाईतली, किंचित उजवीकडे झुकलेली बारीक इंग्रजी अक्षरं. दगडाचं नाव, गावाचं नाव, जिल्हा.

"माझंच," त्या म्हणाल्या. "पण ही कार्डं तर दगडांबरोबर परदेशी गेली होती."

"दगड परत आलेत. तीनशे बारा. तिथल्या संग्रहालयानं तपासायला पाठवलेत. आणि खरं सांगू का, यातली निम्मी कार्डं खोटी आहेत."

कुंदाताईंना हसू आलं. "निम्मीच? मला वाटलं होतं जास्त असतील. या, आत या."

बाईचं नाव डॉ. फिरदौस पिंजारी. जळगावच्या विद्यापीठात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. चहा होईपर्यंत कुंदाताईंनी तिला बोंडेशेठची हकिकत सांगितली. शेठचं दुकान बळीराम पेठेत होतं. खाणीत सुरुंग लावले की, विहिरी खोदल्या की काळ्या दगडातून स्फटिकांचे झुबके निघत. खाणकामगार त्यांना सरसकट गारगोटी म्हणत आणि बोंडेशेठ त्या गारगोट्या गवतात, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून जगभर पाठवत. कुंदा बारावी झाल्यावर तिथं कार्डं लिहायला लागली ती दुकान बंद होईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं. माल कुठून येतो हे दुसऱ्या व्यापाऱ्यांना कळू नये म्हणून शेठ मुद्दाम भलतीच गावं सांगत. सावद्याचा दगड असला की म्हणत, "लिही नाशिक." कुंदा लिहायची.

"शेठ गेले. खाणीतली बहुतेक माणसं गेली," फिरदौस म्हणाली. "तुम्ही आठवड्यातून दोन दिवस याल का? आमचं यंत्र दगडाचा पत्ता सांगतं, पण तो बरोबर आहे का हे सांगणारं कुणी उरलेलं नाही."

कुंदाताई चौसष्ट वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकट्या राहत. इतक्या वर्षांत त्यांना कुणी कामासाठी बोलवायला आलं नव्हतं. पापड संध्याकाळी भरले तरी चालतील, असं ठरवून त्यांनी त्याच दिवशी चपला घातल्या.

*

प्रयोगशाळेत ट्रेमध्ये मांडलेले दगड पाहिले आणि कुंदाताई त्यांच्यावर वाकल्या. गुलाबी, पीच रंगाचे, पाण्यासारखे नितळ. प्रत्येकाखाली त्यांच्या हातचं कार्ड. दुकानातला वाळल्या गवताचा वास आल्यासारखा वाटला. तिथं खरं तर स्पिरिटचा वास होता.

ठावयंत्र म्हणजे चार कपाटांएवढा राखाडी खोका. फिरदौसनं ते कसं चालतं हे सांगितलं, आणि चांगलं सांगितलं.

"आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. एकावर एक थर. थर निवताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. कुठं लिंबाएवढ्या, कुठं माणूस बसेल एवढ्या. मग लाखो वर्षं त्यांत पाणी झिरपलं आणि त्या पाण्यातून हे स्फटिक वाढले. आता, एका विहिरीचं पाणी गोड असतं, शेजारच्या विहिरीचं मचूळ असतं, हो ना? तसंच हे. पाणी ज्या दगडातून आलं त्याचे क्षार घेऊन आलं. स्ट्रॉन्शियम किती, बेरियम किती, व्हॅनेडियम किती. हे प्रमाण दर पोकळीला वेगळं. आम्ही लेझरनं डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढा कण जाळतो आणि त्याच्या वाफेतले अणू मोजतो."

"पण ते कुठल्या शेतातलं हे कसं कळतं?"

"बोअरवेलमुळे." फिरदौसचे डोळे चमकले. पंधरा वर्षांपूर्वी भूजलाचा कायदा आला तेव्हा प्रत्येक बोअरला दर दहा फुटांवरचा मूठभर भुगा पाकिटात भरून, गट नंबर टाकून सरकारला द्यायची सक्ती झाली होती. पाण्याचा अंदाज यावा म्हणून. लाखो पाकिटं गोदामांत पडून होती. कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तो सगळा भुगा यंत्रातून काढला गेला. जमिनीखाली कुठं काय आहे त्याची नोंदवहीच तयार झाली. स्फटिक त्या नोंदींशी ताडून पाहिला की गाव कळे आणि नशीब असलं तर शेतही कळे.

त्याचे परिणाम सगळेच चांगले नव्हते. अस्सल पत्ता मिळालेल्या दगडांसाठी संग्राहक वेडे झाले होते. अजिंठ्याच्या बाजूला एका गावाचं नाव छापून आलं आणि महिन्याभरात तिथल्या सहा विहिरींचे काठ पोखरले गेले. तेव्हापासून फिरदौसची प्रयोगशाळा गावाचं नाव जाहीर करी, गट नंबर बंद पाकिटात ठेवी.

कुंदाताई रमल्या. दगड हातात घ्यायचा, नुसतं बघून गाव सांगायचं, मग यंत्राचं उत्तर पाहायचं, असा खेळच सुरू झाला. पहिल्या चाळिसांत त्यांची तीन उत्तरं चुकली.

"हे कुठं शिकलात?" फिरदौसनं विचारलं.

"सायबण्णा धोत्रे म्हणून होते. वडार. काळडोहच्या खाणीत सुरुंग लावायचे, हंगाम नसला की विहिरी खोदायचे. दुकानात माल घेऊन आले की मला शिकवायचे. म्हणायचे, ताई, वरचे स्फटिक सगळेच देखणे, बूड बघा. जिथं दगड चिकटलेला व्हता ते बूड खोटं बोलत न्हाई."

"ते आता कुठं असतात?"

"गेले जिल्हा सोडून," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा ट्रे ओढला.

*

तो दगड तिसऱ्या आठवड्यात समोर आला. पानाफुलांच्या परडीएवढा. पीच रंगाच्या पाकळ्यांवर सात हिरवे स्फटिक, कोवळ्या कैरीसारखे. संग्रहालयाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर याचाच फोटो होता. कार्डावर 'काळडोह खाण, जिल्हा जळगाव'.

"हे कार्ड खरं आहे," कुंदाताई चटकन म्हणाल्या. "याचं गाव शेठनी सांगितलेलं नाही. मीच सांगितलं होतं. याच्यासाठी शपथ घेईन."

त्यांचा आवाज जरा जास्तच ठाम लागला असावा, कारण फिरदौसनं मान वर करून पाहिलं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये हा दगड सायबण्णाच्या झोपडीत सापडला होता. त्याची सहा वर्षांची मुलगी तो उन्हात धरून भिंतीवर हिरवे ठिपके पाडत बसली होती. शेठच्या मुकादमानं ते पाहिलं. काळडोहची खाण शेठनी कराराने घेतलेली, तिथला प्रत्येक स्फटिक त्यांचा. सायबण्णा म्हणाला, हा खाणीतला नाही, विहिरीतला आहे. कुठली विहीर, असं विचारल्यावर मात्र त्यानं तोंड उघडलं नाही. एकदा नाही, दहादा विचारलं. तो खाली बघत राहिला.

मग शेठनी कुंदाला हाक मारली. दुकानात दहा-बारा माणसं जमली होती. कुंदा तेवीस वर्षांची. या पोरीची नजर पक्की आहे हो, असं शेठ गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. त्यांनी दगड तिच्यासमोर ठेवला. "कुठला?"

तिनं हिरवा रंग पाहिला. तसा हिरवा तेव्हा फक्त काळडोहच्या तिसऱ्या टप्प्यावर निघत होता. सगळे तिच्याकडे बघत होते. एका श्वासात तिनं सांगून टाकलं, "आपल्या खाणीचा."

पोलिसांत कुणी गेलं नाही. पण वडार आणि त्यातून चोरीचा आळ, एवढं पुरेसं होतं. जिल्ह्यातल्या एकाही खाणीत सायबण्णाला पुन्हा काम मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी झोपडी रिकामी होती. जाताना तो कुंदाला भेटला नाही. तिनं कार्ड लिहिलं, सुंदर अक्षरात, आणि पुढची चाळीस वर्षं स्वतःला सांगितलं की मी खोटं काही बोलले नाही.

आता कुंदाताईंनी दगड दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला.

तेव्हा तिनं तो उलटा केला नव्हता. हे त्यांना त्या क्षणी आठवलं. काळडोहचा दगड बुडाला निळसर काळा असायचा. याच्या बुडाशी बोटभर रुंदीचा विटकरी पट्टा होता. दोन लाव्ह्यांच्या मधे कधी कधी लाल मातीचा थर असतो, त्याचा. काळडोहला लाल थर नव्हताच.

"फिरदौस," त्या हळूच म्हणाल्या, "मी शपथ मागे घेते. लाव तुझ्या यंत्राला."

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. फिरदौसनं पडदा त्यांच्याकडे वळवला. सोनबर्डी. काळडोहपासून अकरा किलोमीटर. खोली बावन्न ते छप्पन्न फूट, लाल थराच्या लगेच खाली. जुळणारा भुगा सन दोन हजार एकतीसच्या एका बोअरचा. गट नंबर ८७. पाकिटावरची सही: जगन्नाथ झोपे.

फिरदौसनं आडनाव वाचलं आणि कुंदाताईंकडे बघितलं.

"माझा मोठा भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "ते आमचंच शेत."

*

सोनबर्डीला पोचेपर्यंत त्यांनी मनात शंभर वाक्यं जुळवली होती. दादा केळीच्या बागेत होता. बहात्तराव्या वर्षीही सकाळ-संध्याकाळ ठिबकच्या नळ्या स्वतः तपासायचा. बहीण अचानक आलेली पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अगं, फोन तरी करायचा. घरी चल, शेवभाजी करायला सांगतो."

"दादा, नव्व्याण्णव साली आपली विहीर कुणी खोल केली?"

जगन्नाथनं हातातली नळी खाली ठेवली.

"कुणी सांगितलं?"

"दगडानं."

तो बांधावर बसला. कुंदाताई उभ्याच राहिल्या. दोघांच्या मधून पाटातल्यासारखं बारीक पाणी वाहत होतं.

"तुला सुपडू भोळेची विहीर आठवते?" तो म्हणाला. "आपल्या विहिरीच्या तीन वर्षं आधीच. खोल करताना गारगोट्या निघाल्या. व्यापाऱ्यांना कळलं. त्यांनी त्याला भुलवलं, विहिरीत सुरुंग लावले, गारगोट्या काढून नेल्या. झरा फुटून कुठं गेला कुणास ठाऊक. दोन वर्षांत त्याची बाग वाळली. मी डोळ्यानं बघितलं होतं, कुंदा. म्हणून आपल्या विहिरीत पोकळी लागली तेव्हा सायबण्णाला म्हटलं, एवढा एक दगड तुझ्या पोरीला ने, बाकीची पोकळी बुजवू आणि पुन्हा नाव काढायचं नाही. त्यानं विहिरीच्या पाण्यात हात बुडवून शब्द दिला. आम्ही दोघांनी मिळून तो थर दगडानं बांधून काढला."

"आणि त्याच्यावर आळ आला तेव्हा?"

"चारपाच दिवसांनी कानावर आलं. सायकल काढली मी. दोनदा काढली. नाल्यापर्यंत गेलो आणि फिरलो. शेठला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर माणसं आली असती. आणि तू साक्ष दिलीस असं कळलं होतं. तुला चारचौघांत खोटं पाडायचं कसं?"

"माझं खोटं मला सोसलं असतं, दादा."

तो बांधावरची माती बोटानं उकरत राहिला. लहानपणी आंब्यावरून पडला तेव्हा तो असाच गप्प बसला होता. हात मोडलाय हे आईला रात्री कळलं होतं. कुंदाताईंना ते आठवलं आणि राग पुरता धरता येईना, सोडताही येईना.

त्यांनी फिरदौसनं दिलेला कागद काढला. दगड कुठल्या जमिनीतला हे यंत्रानं सांगितलं होतं. तो कुणाच्या हातांनी बाहेर आला हे कुठलंही यंत्र सांगू शकत नव्हतं. संग्रहालयाला जायच्या अहवालात 'प्रथम कोणी काढला' असा रकाना होता. त्यात नाव भरायचं तर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची सही लागे. नाहीतर रकाना कोरा आणि गावाच्या जागी नुसता जिल्हा.

"गट नंबर छापणार नाहीत. फक्त गावाचं नाव. तू सही कर."

"गावाचं नाव आलं की गाड्या येतात. अजिंठ्याकडे काय झालं वाचलं नाहीस?"

"वाचलं."

"मग? ही विहीर आहे म्हणून सात एकर उभं आहे, कुंदा. नातवंडं याच्यावर शिकतायत." त्यानं कागद हातातही घेतला नाही. "एवढं नको मागूस."

कुंदाताई शेवभाजी न खाताच परतल्या. एस.टी.त त्यांना पहिल्यांदा वाटलं की हे यंत्र निघालंच नसतं तर बरं झालं असतं.

*

सायबण्णाचा पत्ता लागायला दहा दिवस गेले. जळगावच्या वडार वस्तीत विचारता विचारता एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, धोत्र्यांची रेणुका येवल्याला शाळेत बाई आहे, बाप तिच्याकडेच असतो.

रेणुका सत्तेचाळीस वर्षांची. दारात उभी राहूनच तिनं सगळं ऐकलं. नाव ऐकल्यावर चेहरा ताठ झाला.

"आता कशाला आलात? त्यांची छाती दगडाच्या धुळीनं भरलेली आहे. जास्त बोलवत नाही."

"मला दोनच वाक्यं बोलायची आहेत. ऐकून घेतलं नाहीत तर जाईन."

"आई जाईपर्यंत एकच म्हणत होती, त्या दगडापायी गाव सुटलं. आणि हे एक अक्षर बोलले नाहीत. केलं असेल म्हणूनच बोलत नसतील, असं आम्ही धरून चाललो." तिचा आवाज दाबलेला होता, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "तुम्हीच साक्ष दिली होती ना?"

"हो. मीच."

आतून खोकल्याची उबळ आली आणि मग कुणीतरी म्हणालं, "रेणू, कोन हाय? शेठच्या दुकानातल्या ताईवानी आवाज हाय."

सायबण्णा खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता. पहारीचं काम केलेले दोन पंजे तेवढे पूर्वीसारखे मोठे होते, बाकी माणूस पार वाळला होता. कुंदाताई त्याच्या समोर खुर्चीत न बसता जमिनीवर बसल्या.

"मी बूड बघितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवलं होतं तरी. सगळे बघत होते आणि मी नुसता रंग बघून बोलले. दगड काळडोहचा नव्हता."

"न्हवताच," तो शांतपणे म्हणाला. मग त्याची नजर बारीक झाली. "तुमाला कुनी सांगितलं? जगनभाऊंनी?"

"नाही. एक यंत्र निघालंय, त्यानं सांगितलं. दादानं मी विचारल्यावर कबूल केलं."

"म्हंजी आमी दोगांनी न्हाई फोडलं." त्यानं मान हलवली. मान हलवण्यात समाधान होतं हे कुंदाताईंना जरा उशिरा कळलं. थोडा वेळ तो श्वास जमवत राहिला. "इहिरीला पानी हाय का?"

"आहे. मे महिन्यातसुद्धा दोन परस असतं, दोन माणसं उभी बुडतील एवढं."

"दोन परस." त्यानं रेणुकाकडे पाहिलं, जणू तिनंही हे ऐकावं. "मंग बरं हाय."

कुंदाताईंना वाटलं होतं तो रागावेल किंवा रडेल. त्यासाठी त्या तयार होत्या. पाण्याची चौकशी ऐकून मात्र त्यांचा धीर सुटला. पदरानं डोळे पुसत त्यांनी कागद काढला आणि रकान्याचं सांगितलं. दादा सही करत नाही, पण स्वतः काढणाऱ्यानं लिहून दिलं तर फिरदौस विचार करील, असंही सांगितलं.

"माझं नाव? छापून येनार?"

"हो. जगात जिथं जिथं तो दगड दाखवतील तिथं."

त्यानं कागदावरून अंगठा फिरवला. मग कागद परत दिला. "मी शबुद दिल्याला हाय, ताई. सोनबर्डीचं नाव माज्या तोंडातनं निघायचं न्हाई. जगनभाऊंनी सोडवलं तर येगळं."

"बाबा," रेणुका म्हणाली, "आता तर सगळ्यांना कळलंच आहे."

"यंत्रानं सांगितलं ते यंत्राचं. मी सांगितलं तर ते माजं."

कुंदाताईंनी फोन काढला. दादा उचलणार नाही असं वाटत होतं, तिसऱ्या घंटेला उचलला. त्या एवढंच म्हणाल्या, "सायबण्णांशी बोल," आणि फोन सायबण्णाच्या कानाला लावला.

पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. खोलीत फक्त सायबण्णाचे तुटक शब्द.

"व्हय, म्या सायबण्णा... हाय, बरा हाय... न्हाई, घरचं मानूस गेलं, सात वरसं झाली." मग पलीकडचा माणूस बोलू लागला असावा. सायबण्णा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले, आवाज मात्र तसाच राहिला. "आसं नका म्हनू भाऊ... तुमी नाल्यापातुर आला व्हता, हे मला कुटं म्हाईत व्हतं... रडू नका. पानी हाय म्हंत्यात ना दोन परस? मंग... ऐका माजं... व्हय. व्हय. सोडवलं म्हना एकदा. तसं न्हाई, तोंडानं म्हना."

त्यानं डोळे मिटले. पलीकडून ते म्हटलं गेलं असावं, कारण त्याचा खांदा एकदम सैल पडला. फोन परत देत तो म्हणाला, "उद्या येत्यात. सही घिऊन. रेणू, दोन दीस राहतील, जगनभाऊंना गोड चालतं का इचारलं पायजे हुतं."

अहवाल पावसाळ्यात छापून आला. गावाच्या रकान्यात सोनबर्डी, काढणाऱ्याच्या रकान्यात सायबण्णा हुलगप्पा धोत्रे. दादाची भीती खोटी नव्हती. श्रावणात गावात दोन गाड्या आल्या, हिरव्या दगडाची विहीर कुठली म्हणून विचारत फिरल्या. सोनबर्डीत एकशे तीस विहिरी आहेत. ज्याला त्याला गावकऱ्यांनी वेगळी दाखवली. चौथ्या दिवशी गाड्या कंटाळून गेल्या. पुन्हा येणारच नाहीत असं कुणी सांगावं? जगन्नाथ अजूनही रात्रीचा एकदा उठून विहिरीपर्यंत चक्कर मारून येतो.

पण ते पुढचं. त्या दुपारी येवल्याच्या घरात रेणुकानं चहा आणला, वडिलांच्या हातात कप दिला आणि आत जायच्या ऐवजी खाटेच्या कडेवर बसली. कुंदाताई निघायला उठल्या होत्या, तिनं हातानंच त्यांना बसायला सांगितलं. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायला जमत नव्हतं. एवढ्या वर्षांची सवय होती, न विचारण्याची.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "तो दगड सापडला त्या दिवशी नेमकं काय झालं?"

सायबण्णानं बशीत चहा ओतला, एक घोट घेतला, दम जमवला.

"सकाळच्या पारी आमी दोन सुरुंग भरलं व्हतं," तो म्हणाला. "तवा तू लई ल्हान व्हतीस..."